कपाटातल्या डोळ्यावरचा पडदा

पावसाळा सरला की कोकणात आणि मुंबईत कपाटे उघडली जातात. शालू, रजया, पुस्तके उन्हात पडतात. वरच्या फळीवर चामडी केसमध्ये ठेवलेला आजोबांचा कॅमेरा मात्र कुणाला आठवत नाही. आठवलाच, तर विकायचा की टाकायचा, एवढ्यापुरता.

असाच एक कॅमेरा समोर घेऊ. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यात १९२९ पासून तयार होऊ लागलेला रोलायफ्लेक्स. वरचे भिंग पाहण्यासाठी, खालचे छायाचित्र घेण्यासाठी. मान खाली घालून पाहायचे, म्हणजे फोटो काढताना जणू समोरच्याला नमस्कारच! आपल्या होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरत. पुढे जपानच्या याशिकाने याच धर्तीचे स्वस्त कॅमेरे काढले आणि ते आपल्याकडच्या स्टुडिओंतही दिसू लागले.

तो दुरुस्त करायचा, तर पहिले पथ्य न उघडण्याचे. मागचे झाकण एकदम उघडू नये. आत अर्धा वापरलेला रोल असू शकतो. शिकागोत दाईचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईंनी रोलायफ्लेक्सने रस्त्यावरचे अपार जग टिपले. २००९ मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांचे शेकडो रोल न धुतलेलेच होते. त्यांतली चित्रे नंतर जगाने पाहिली. आपल्या घरच्या रोलवर कदाचित आजीचा एकुलता एक हसरा फोटो असेल. शंका असली, तर झाकण काळोख्या खोलीतच उघडावे.

दुसरा शत्रू बुरशी. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ओळखावे. धूळ, बोटांचा तेलकटपणा आणि दमट हवा एवढ्यावर ती पोसते. तिच्यातून पाझरणारे आम्ल भिंगावरचा पातळ लेप आणि पुढे काचही खाते. वेळेवर साफ झाली तर भिंग वाचते. काच खाल्ली गेली, की कितीही पुसा, डाग राहतोच. आणि गंमत अशी, की ज्या चामडी केसमध्ये आपण कॅमेरा जिवापाड जपतो, तीच ओल धरून ठेवते.

तिसरी गोष्ट शटरची. जुने वंगण घट्ट होते आणि एका सेकंदाचे शटर तीन-तीन सेकंद रेंगाळते. अशा वेळी हात शिवणयंत्राच्या तेलाकडे जातो. तो आवरावा. शटरची पाती कागदासारखी पातळ असतात आणि ती कोरडीच चालायची असतात. तेल लागले की एकमेकांना चिकटतात. जाणकार कारागीर शटर सोडवतो, जुने वंगण धुऊन काढतो आणि नवे वंगण सुईच्या टोकाने, मोजक्या चाकांनाच लावतो.

आतला आरसाही फसवा. घरच्या आरशाचा मुलामा काचेमागे असतो, याचा पुढच्या अंगाला. रुमालाने जोरात घासला, तर धुळीबरोबर मुलामाही जातो. त्याला रबरी फुग्याची हवा पुरे.

म्हणजे या कामात काय करावे, यापेक्षा काय करू नये, हेच अधिक कळावे लागते. दगडी देवळाला ऑइलपेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणणारी माणसे आपण नेहमी पाहतो. कॅमेऱ्याचेही तसेच होते. कडांवरचा काळा रंग उडून पितळ उघडे पडले असेल, तर ते एका माणसाच्या बोटांनी वर्षानुवर्षे केलेले काम आहे. त्यावर नवा रंग चढवला, तर कॅमेरा नवा दिसत नाही. फक्त कुणाचाच राहत नाही. चालता करावा, चकचकीत करू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण हे यंत्र अजून दुरुस्त होऊ शकते. चाके, स्प्रिंगा, स्क्रू. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याची एक चकती जळली आणि तिचा सुटा भाग मिळाला नाही, तर सारा कॅमेरा मुका होतो. रोलायफ्लेक्सच्या बहुतेक मॉडेलना लागणारा १२० नंबरचा रोल १९०१ मध्ये आला आणि आजही तयार होतो. आटत चालले आहेत ते शटर सोडवून पुन्हा जुळवणारे हात. त्यांतले कित्येक हात आता म्हातारे आहेत आणि शेजारच्या स्टुलावर शिकाऊ पोरगा नाही. कॅमेरा आणखी दहा वर्षे कपाटात थांबेल. ते हात थांबतीलच असे नाही.

म्हणून या दिवाळीच्या साफसफाईत तो खाली काढावा. दुरुस्त झाल्यावर केसमध्ये न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावा. निळे दाणे गुलाबी झाले, की ते मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. आणि महिन्यातून एकदा शटर चालवावे. सगळ्यांत उत्तम म्हणजे रोल भरून वापरावा. रोलवर बाराच फोटो निघतात. त्यामुळे बटण दाबण्याआधी समोरच्या माणसाकडे नीट पाहावे लागते.