घरावरील रेडिओची एरियल : निवड व उभारणी

केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. तेथून सरळ रेषेत मोजल्यास आदिलाबाद दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटर, यवतमाळ वायव्येस सुमारे 60, चंद्रपूर पूर्वेस सुमारे 80 आणि नागपूर उत्तर-ईशान्येस सुमारे 140 किलोमीटर भरते. या चारही ठिकाणी आकाशवाणीची केंद्रे आहेत; परंतु तालुक्यातील घर यांपैकी कोणत्याही केंद्राच्या अगदी जवळ नाही. त्यामुळे शहरात उशाशी ठेवलेला रेडिओ जसा विनासायास वाजतो, तसा येथील प्रत्येक गावी वाजेलच असे नाही. अशा वेळी दोष रेडिओचा नसून एरियलचा असतो, आणि नवा रेडिओ घेण्यापूर्वी एरियलचा विचार करणे स्वस्त पडते. पावसाळ्यात वीज गेली, मोबाइलचा मनोरा बंद पडला, तरी दोन सेलांवर चालणारा रेडिओ हवामानाचा इशारा देत राहतो. त्यासाठी हा खटाटोप करण्याजोगा आहे.

प्रथम कोणते केंद्र ऐकावयाचे ते ठरवावे, कारण मध्यमलहरी व एफ. एम. या दोन प्रकारच्या प्रक्षेपणांना निरनिराळी एरियल लागते. मध्यमलहरींच्या लांब लाटा जमिनीच्या उंचसखलपणास बऱ्याच अंशी वळसा घालून दूरवर पोचतात. नागपूर केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले, ते याच लहरींवर. या लहरी ऐकणाऱ्या लहान रेडिओच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते व तीच त्याची एरियल होय. ही कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असता आवाज सर्वांत चांगला येतो आणि तिचे टोक केंद्राकडे वळले की आवाज बसतो. म्हणून तार ओढण्यापूर्वी रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवून पाहावा. पुष्कळ घरी एवढ्यानेच काम भागते. न भागल्यास 10 ते 15 मीटर लांबीची तांब्याची तार दोन्ही टोकांना चिनीमातीचे रोधक लावून 6 मीटर उंचीवर आडवी ताणावी व तिच्या एका टोकाची तार रेडिओकडे आणावी. रेडिओला एरियल व अर्थ यांची छिद्रे नसल्यास त्या तारेचे सात-आठ वेढे रेडिओभोवती दिले तरी फरक जाणवतो.

एफ. एम. चे तसे नाही. या लाटा जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात. पृथ्वीची गोलाई व मध्ये येणारी टेकडी त्यांना अडविते. प्रक्षेपणाचा मनोरा 100 मीटर उंच धरला, तर सपाट मुलुखात जमिनीपासून 3 मीटरवर ठेवलेल्या एरियलला तो सुमारे 48 किलोमीटरपर्यंत 'दिसतो'; एरियल 9 मीटरवर नेली तर 53 ते 54 किलोमीटरपर्यंत. दोन मजल्यांएवढी उंची वाढवून पाच-सहा किलोमीटरच पदरात पडतात हे खरे. पण कडेच्या गावास तेवढेच हवे असतात. शिवाय उंच एरियल शेजारच्या घरांच्या व झाडांच्या आडोशातून बाहेर पडते. टिनाच्या छपराखाली तर एफ. एम. रेडिओ नीट चालत नाही, कारण पत्रा लाटांना आडकाठी करतो. म्हणून अशा घरी एरियल पत्र्याच्या वर निदान दोन मीटर असावी.

एफ. एम. ची साधी एरियल घरीही करता येते. केंद्राचा आकडा मेगाहर्ट्झमध्ये घेऊन त्याने 143 ला भागावे. येणारा आकडा हा ॲल्युमिनियमच्या नळीची मीटरमधील एकूण लांबी होय. 100 मेगाहर्ट्झसाठी ती 1.43 मीटर येते. या लांबीचे दोन सारखे भाग करून मध्ये बोटभर फट ठेवावी, दोन्ही भाग लाकडी अथवा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर बसवावे, आणि फटीपाशी दूरदर्शनसाठी मिळते ती 75 ओहमची केबल जोडावी : मधली तार एका भागास, भोवतालची जाळी दुसऱ्या भागास. नळीची आडवी बाजू केंद्राकडे करावी. नळी आडवी ठेवून व नंतर उभी करून, दोन्ही प्रकारे ऐकून पाहावे.

येवढ्याने आवाज खरखरत असेल तर तीन नळ्यांची यागी एरियल घ्यावी. तिच्यात मागची नळी थोडी लांब व पुढची थोडी आखूड असते. आखूड नळीचे तोंड केंद्राकडे करावयाचे. ही एरियल एका दिशेचे अधिक ऐकते आणि इतर दिशांचे कमी. यवतमाळकडे रोखलेली यागी आदिलाबादचे तेलुगू कार्यक्रम मंद करील. पाटणबोरीकडील सीमेलगतच्या ज्या घरांत दोन्ही भाषा चालतात, तेथे साधी एरियल किंवा हाताने फिरविता येणारा खांबच बरा. दुकानदार पाच-सात नळ्यांची मोठी एरियल पुढे करतात. ती वाऱ्याला अधिक अडते, खांबावर भार आणते, आणि बहुतेक घरांना तिची गरज नसते.

आता जागेचा प्रश्न, आणि येथे घाई जिवावर बेतते. खांब उभा करताना अथवा उतरविताना हातून सुटला तर तो कोठे पडेल, हे आधी पाहावे. खांब व एरियल यांची एकूण जेवढी लांबी, तिच्याहून निदान तीन मीटर अधिक अंतर विजेच्या तारांपासून सर्व बाजूंनी असले पाहिजे. शेतपंपाकडे जाणारी 11 किलोव्होल्टची तार असो की घराला आलेली साधी जोडणी, नियम तोच. बांबू वाळलेला असला तर वीज वाहत नाही अशी समजूत आहे. ओला बांबू ती वाहतो. विजेच्या खांबाला एरियलची तार बांधणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. घराभोवती एवढे अंतर मिळत नसेल, तर उंच खांबाचा नाद सोडून भिंतीलगत ठेंगणी एरियल लावावी व जे ऐकू येईल त्यावर समाधान मानावे.

काळ्या जमिनीत खांब रोवण्याची एक अडचण आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब वर्षाच्या आत कलतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा व भोवती दगड-मुरूम ठासावा. सहा मीटरपेक्षा उंच खांबाला तीन दिशांना सारख्या अंतरावर ताणाच्या तारा द्याव्या. खुंट्या खांबापासून उंचीच्या निम्म्याहून जवळ नसाव्या. आडव्या तारेवर वानरे झोके घेतात, ही तक्रार टिपेश्वरच्या जंगलालगत काल्पनिक नव्हे. तेथे तार थोडी जाड घ्यावी.

मृगाच्या आधीचे वादळ या भागात कडकडाट घेऊन येते, आणि नेमकी त्याच वेळी जमीन सर्वांत कोरडी असते. भेगाळलेल्या मातीने अर्थिंगच्या नळीची संगत सोडलेली असते. अशी अर्थिंग नावापुरतीच उरते. म्हणून तीन मीटर लांबीची जस्त चढविलेली नळी न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, जेथे बारमाही ओल असते तेथे, पूर्ण खोल उतरवावी. लोखंडी खांब व केबलची जाळी जाड पट्टीने, शक्य तितक्या सरळ वाटेने, तिला जोडावी आणि ही अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून घराच्या मीटरच्या अर्थिंगशी जोडून घ्यावी. इतके करूनही वीज थेट खांबावर पडली तर रेडिओ वाचेल याची हमी नाही. ढग गडगडू लागण्यापूर्वीच केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर सोडावी. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला, खांबाला, ताणाच्या तारेला कोणी हात लावू नये. मग रेडिओ जळाला तरी जळू द्यावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप जवळच्या विजांची सूचना देते. ग्रामसेवकांनी ते गावातील चार-दोन फोनांवर तरी घालून द्यावे.

केबल घरात कोठून आणावी, याकडे सहसा लक्ष जात नाही. दिवाळीनंतर कापूस घरातच गंजी लावून ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी आहे, आणि फाल्गुन-चैत्रात अवकाळी वादळे येतात. कापसाच्या खोलीतून केबल कदापि नेऊ नये. भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून घरात न येता बाहेरच ठिबकते.

रेडिओ ऐकण्यासाठी आता परवाना लागत नाही. डाकघरातून तो काढण्याची पद्धत 1980 च्या दशकात बंद झाली. परंतु याच खांबावर बोलण्याचे, म्हणजे संदेश पाठविण्याचे, यंत्र जोडणे ही निराळी बाब आहे. 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्यात अल्प शक्तीच्या यंत्रांना परवान्याची सूट असली, तरी ती अटींसह आहे. दूरसंचार विभागाच्या अटी पाहिल्याशिवाय त्यास उंच एरियल जोडू नये.

दरवर्षी वैशाखात ताणाच्या तारांचा गंज, खुंट्यांचा ढिलेपणा आणि केबलचे उघडे पडलेले टोक पाहून घ्यावे, व अर्थिंगच्या नळीभोवतीच्या भेगांत माती भरून चार घागरी पाणी ओतावे.