जीप खरंच युद्धातली आहे का?

ऑलिव्ह हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, मागे पेट्रोलचा कॅन. एवढ्या भांडवलावर ‘दुसऱ्या महायुद्धातली जीप’ म्हणून भाव सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. रंग आणि तारा कुठलाही पेंटर काढून देतो, तेव्हा तिकडे बघूच नये.

१९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. आराखडा एकच, विलीजची ती एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. युद्धानंतर विलीजने नागरी वापरासाठी सीजे मालिका काढली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने मुंबईत विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या आणि त्यांतली सीजे-३बी पुढे वर्षानुवर्षं बनत राहिली. महाराष्ट्रात विकायला निघालेली जुनी जीप बहुधा याच घराण्यातली असते. गाडी दणकट, पण युद्ध न पाहिलेली.

आधी समोरून मोजा. युद्धातल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ खाचा, नागरी जीपला सात. (सुरुवातीच्या सुमारे २५ हजार विलीजना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. तशी अस्सल सापडली तर नशीबच!) एमबीचे दिवे लहान, जाळीच्या मागे बसवलेले आणि बिजागरीवर फिरवून इंजिनावर उजेड पाडता येणारे. तिची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, पेट्रोल भरायचं तोंडही तिथेच. तिच्या ६० अश्वशक्तीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. सीजे-३बीमध्ये इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून तिचं बॉनेटही उंच.

जाळी, दिवे, इंजिन, सगळं बदलता येतं. म्हणून गाडीखाली शिरायचं. युद्धकालीन चॅसीचा पुढचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा, फोर्डमध्ये उलट्या यू आकाराचा. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यांवरही ‘एफ’ उमटवला होता. विलीजचा क्रमांक पुढच्या बंपरमागे, डाव्या रेलच्या आतल्या अंगाला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो; फोर्डचा थेट रेलच्या माथ्यावर ठोकलेला.

पट्टी एका गाडीची काढून दुसरीला लावता येते. ठोकलेला आकडा मात्र सहजी नाहीसा होत नाही. ठशाच्या घावाने पोलादाचे स्फटिक दबतात, विस्कटतात, आणि ही विस्कट आकड्याच्या खाचेच्याही खाली पोहोचते. ग्राइंडरने आकडा सपाट केला तरी तो थर उरतो. क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण लावलं की तेवढा भाग आजूबाजूच्या पोलादाहून वेगळ्या गतीने झिजतो आणि पुसलेला आकडा अंधूक उमटतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा चोरीच्या गाड्यांवर हीच रीत वापरतात. घरी हा उद्योग नको. आकड्यांभोवतीचा पत्रा खोलगट वा नको तितका गुळगुळीत दिसतो का, एवढं टॉर्च तिरका धरून पाहिलं तरी पुरे.

आता गंज. एमबीच्या तळाला आधार देणाऱ्या पत्र्याच्या पन्हाळ्यांमध्ये कारखान्यातच लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या होत्या. लाकूड ओल धरून ठेवतं आणि पत्रा आतून सडतो. गाडी किनाऱ्यावर राहिलेली असेल तर मीठ त्या ओलीची वीजवाहकता वाढवतं, मग गंज आणखी वेगाने पसरतो. चुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवा; जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ फुंकू नका.

आपल्याकडे २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. अट अशी, की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. डिझेल इंजिन बसवलेली ‘अस्सल’ जीप तिथेच अडकू शकते. आणि चॅसीवरचा क्रमांक आरसीशी अंकाअंकाने जुळत नसेल, तर भावाची बोलणी सुरूच करू नका.