पाणचक्कीचे न दिसणारे काम

औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. शाळेची सहल, नात्यातले लग्न, काही ना काही निमित्त निघतेच. आत शिरायचे, हौदातले मासे बघायचे, भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्यापुढे फोटो काढायचे आणि निघायचे. मीही कैक वर्षे तेच केले.

गेल्या वेळी भाच्याने विचारले, "खाला, पाणी एवढ्या उंच भिंतीवर चढले कसे? इथे मोटार तर दिसत नाही!" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन माहिती काढली आणि त्याला घेऊन पुन्हा गेले. या वेळी तीच जागा बघायला दोन तास पुरले नाहीत.

हे पाणी कित्येक किलोमीटरवरच्या डोंगराकडून येते. जमिनीखालून खापराचे नळ टाकलेले आहेत. उगम उंचावर असल्यामुळे नळातले पाणी स्वतःच्या दाबानेच वर चढते. वाटेत ठिकठिकाणी चुन्या-विटांचे मनोरे आहेत. पाणी त्यांत चढून उतरते, नळात अडकलेली हवा निघून जाते आणि दाबही आवरतो. शेवटी ते भिंतीवरून हौदात पडते. याच पाण्याच्या जोरावर खाली पात्यांचे चाक फिरायचे आणि त्याच्याबरोबर वरचे जाते. पाण्याला एवढा जोर नसता तर जाते हलले नसते.

आता हौदाकडे बघा. आपण त्याच्या काठावर उभे राहतो, पण खाली काय आहे याची कल्पना नसते. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे! खांबांच्या रांगांनी एवढ्या पाण्याचा भार पेलला आहे. वर पाणी असल्याने खाली उन्हाळ्यातही गारवा.

ही सारी मेहनत कोणासाठी? इथे बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांची खानकाह होती. येणारे-जाणारे मुसाफिर, फकीर आणि तालिब-ए-इल्म यांच्या जेवणासाठी याच जात्यावर पीठ दळले जाई. हे काम साधारण 1744 सालचे मानतात आणि तुर्कताज खान या सरदाराचे नाव त्याच्याशी जोडले जाते. मात्र जमिनीखाली नळाला नळ जोडणाऱ्या कारागिरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. जे कोणाला कधी दिसणार नव्हते, तेही त्यांनी चोख केले. सदका-ए-जारिया म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

परत येताना मला आमच्या मोहल्ल्यातली जुनी मशीद आठवली. तिथला दगडी हौद बुजवून नळांची रांग लावली. चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट फासले, वर चकचकीत टाइल्स. नीयत चांगलीच होती, चंदाही सगळ्यांनी दिला, मीही दिला. पण चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. दोनच पावसाळ्यांत पोपडे सुटले. तेव्हा जाणत्या गवंड्याला विचारावे, असे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या गावातल्या जुन्या मशिदीची, सराईची, बारवेची दुरुस्ती निघाली, तर हातोडा पडण्याआधी फोटो काढून ठेवा. चुन्याचे काम येणारा म्हातारा गवंडी अजून असेल, तर त्याला बोलवा आणि एखादा तरुण त्याच्या हाताखाली द्या. आणि मुलांना अशा जागी न्याल तेव्हा घाई करू नका. त्यांना प्रश्न विचारू द्या. माझा भाचा आता कुठलीही जुनी इमारत दिसली की आधी विचारतो, "खाला, याच्या खाली काय असेल?"