तंजावरचे निरूपण

गतवर्षी शारदीय नवरात्रात कीर्तनसेवेसाठी आम्ही जऊळक्यास गेलो होतो. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली, तरी एक शेतकरी गृहस्थ मंडपात थांबून राहिले. त्यांच्या कन्येस भरतनाट्यम् शिकावयाचे होते. ‘महाराज, घरंदाज मुलीला हे शोभेल काय? उद्या तिचा संसार कसा व्हायचा?’ त्यांनी विचारले. ‘जगदंबा बुद्धी देईल’ असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. साठी उलटलेल्या कीर्तनकाराने असे निसटावे हे बरे नव्हे. ती रुखरुख मनात राहिली, म्हणून हा लेखप्रपंच.

वस्तुतः आम्ही तरी गादीवर उभे राहून काय करतो? खांद्यावरच्या उपरण्याचा कधी यशोदेचा पदर होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य. भरतमुनी ज्याला अभिनय म्हणतात तो हाच. शिवाय आमचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त याच नगरी लावला आहे. त्या वधूने नृत्यगीतांनी वराचे मन जिंकले, असे तो सांगतो. त्या भूमीत नृत्याची लाज कसली?

या प्रश्नाला शास्त्राधारापेक्षा एका जीवनाचा दाखला अधिक उपयोगी पडेल. सुचेता भिडे-चापेकर यांचा जन्म 1948 चा. भरतनाट्यम्‌चे पहिले पाठ त्यांनी आचार्य पार्वतीकुमार यांच्यापाशी घेतले. पुढे तंजावरचे किट्टप्पा पिळ्ळै हे गुरू लाभले. पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू सरफोजी राजांच्या दरबारी होते. आजच्या भरतनाट्यम्‌च्या मैफलीचा क्रम त्यांनीच लावला आणि किट्टप्पा त्यांच्याच वंशातले. भोसल्यांच्या आश्रयाने बहरलेली विद्या अशी एका मराठी कन्येच्या पायी परत आली.

सरफोजी राजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या जपल्या, पार्वतीकुमारांनी अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या. सुचेताबाईंनीही शाहराज आणि सरफोजी यांच्या रचनांचे संशोधन केले व त्या नाचून दाखविल्या. सरफोजींच्या या रचनाप्रकाराचे नाव ऐकून आम्ही चकित झालो. ते नाव ‘निरूपण’! एरवी मैफलीत प्रत्येक रचनेचा राग निराळा, ताल निराळा, विषयही निराळा. निरूपणात मात्र जयजयपासून मंगलापर्यंत एकच राग, एकच ताल आणि एकच कथा. आम्हांस तर हे आख्यानच वाटते. तंजावरात समर्थांचे मठ होते, मराठी कीर्तन तेथे रुजले आणि तमिळ हरिकथेत आजही साकी-दिंडी ऐकू येते. त्या हवेतच राजाला ही कल्पना सुचली असावी, असा आमचा तर्क आहे.

‘घरंदाज’ या शब्दाविषयीही बोलले पाहिजे. ही विद्या शतकानुशतके जतन केली ती देवदासींनी आणि त्यांच्या नट्टुवनारांनी. त्यांना हिणवायचे आणि त्यांच्याच तिल्लान्यावर मान डोलवायची, हा दुटप्पीपणा आमच्या पिढीने पुष्कळ केला. आम्हीही त्यातून सुटलो नाही.

संसाराचे म्हणाल तर आडनावातच भिडे आणि चापेकर, माहेर आणि सासर, दोन्ही नांदत आहेत. विवाहानंतर बाईंची साधना खुंटली नाही, उलट फोफावली. कर्नाटक संगीत मराठी कानाला परके वाटते हे ओळखून त्यांनी हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम् बांधले आणि त्यास ‘नृत्यगंगा’ म्हटले. व्याकरण दक्षिणेचेच ठेवले, स्वर तेवढा आपला घेतला. पुण्यात ‘कलावर्धिनी’ उभी राहिली. कन्या अरुंधती पटवर्धन आईपाशीच शिकल्या आणि आता स्वतः नाचतात, शिकवितात. 2007 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आम्हांस मात्र माय-लेकींची ती तालीम अधिक मोलाची वाटते.

यंदाही जऊळक्याचे बोलावणे आले आहे. पूर्वरंगात राजशेखराची ती वधू आणि उत्तररंगात सरफोजींचे निरूपण, असे योजिले आहे. ते गृहस्थ कन्येसह पुढल्या रांगेत बसले, तर गेल्या वर्षीचे उत्तर गादीवरूनच देऊ.