दग्धव्रणावरील वनस्पतिज आच्छादने

भाजलेल्या जखमेवर वनस्पतींचा उपयोग होतो असे म्हणताना दोन भिन्न गोष्टींची गल्लत होण्याचा संभव असतो. वनस्पतीतील एखादे द्रव्य औषध म्हणून कार्य करते, ही एक. आणि वनस्पतीचा एखादा भाग निव्वळ आच्छादन म्हणून त्वचेची उणीव तात्पुरती भरून काढतो, ही दुसरी. मुंबईतील रुग्णालयांत झालेल्या दोन प्रयोगांच्या आधारे हा भेद येथे स्पष्ट करावयाचा आहे.

त्वचा अंशतः जळाली असता केशमुळे व घर्मग्रंथी यांच्या अस्तरातील पेशी शिल्लक राहतात आणि त्यांच्यापासूनच नवी बाह्यत्वचा तयार होते. व्रण सुकला, तर यांपैकी काही पेशी मरतात व उरलेल्यांना कोरड्या खपलीखालून वाट काढावी लागते. ओलसर ठेवलेल्या जखमेवर बाह्यत्वचा अधिक त्वरेने पसरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखविले. साधी जाळीदार कापडाची पट्टी मात्र स्राव शोषून व्रणाला चिकटते. ती काढताना कोवळी त्वचा उपटली जाते व रुग्णाला असह्य वेदना होतात.

मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी या अडचणीवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचा उपाय योजला व १९८५ साली त्याचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. साली कापडाच्या पट्टीवर बसवून निर्जंतुक करावयाच्या व त्यांची आतली बाजू व्रणावर ठेवावयाची, अशी ही पद्धती होय. सालीतील बुचासारख्या ऊतकाचा पातळ थर बाष्पीभवन रोखतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासात अशा आच्छादनाखाली व्रण सुकणे टळते व नवी बाह्यत्वचा लवकर येते, असे आढळले.

पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानांची पट्टी तयार केली. पान मोठे, गुळगुळीत व मेणचट असल्याने ते व्रणाला चिकटत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन्ही आच्छादने सारखीच गुणकारी ठरली. केळीच्या पानाची पट्टी मात्र ११ पटींनी स्वस्त होती. परस्परांहून इतक्या भिन्न वनस्पतींचा परिणाम सारखा यावा, यावरून त्याचे कारण विशिष्ट औषधी द्रव्यापेक्षा आच्छादनाच्या भौतिक गुणांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

या गुणांची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या १०० रुग्णांच्या अभ्यासात मधाने उपचार केलेले व्रण सरासरी १०.४ दिवसांत, तर बटाट्याच्या सालीखालील व्रण १६.२ दिवसांत भरून आले. सालीखालील जंतुसंसर्ग सात दिवसांनंतरही टिकून होता. तात्पर्य, साल ओलावा राखते, जंतुनाश करीत नाही. म्हणूनच निर्जंतुक न केलेली साल वा पान घरच्या घरी व्रणावर बांधणे धोक्याचे होय. त्वचेची संपूर्ण जाडी जळाली असता तर बाह्यत्वचा पुन्हा निर्माण करणाऱ्या पेशीच उरत नाहीत. तेथे त्वचारोपणास पर्याय नाही.

यावरून संशोधकाने एक दंडक घ्यावा. एखाद्या पाल्याच्या लेपाची तुलना केवळ कोरड्या पट्टीशी केली, तर सिद्ध होतो तो ओलाव्याचा गुण, पाल्याचा नव्हे. तितकाच ओलावा राखणाऱ्या निष्क्रिय आच्छादनाशी तुलना केल्यावरच वनस्पतीच्या औषधी गुणाविषयी काही म्हणता येईल.