शहापूर-मुरबाडचा खोकला आणि ‘शक्य तितका’ कायदा

दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची माणसे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथे खोकला लागला, रोज ताप येऊ लागला, वजन घटले की वस्तीत एकच शब्द निघतो : टीबी. बहुतेक वेळा तो खराही असतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे सर्वाधिक बळी क्षयरोगच घेतो. म्हणून थुंकी आधी क्षयासाठी तपासलीच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. क्षयाचा जंतू सापडला नाही तर पुढे काय?

नोकार्डिया नावाचा जंतू मातीत आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात राहतो. नोकार या फ्रेंच पशुवैद्याने १८८८ मध्ये तो गुरांच्या रोगात शोधला. धुळीबरोबर तो फुप्फुसात जातो. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही; पण एचआयव्हीमुळे ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्याच्या फुप्फुसात तो गाठी आणि पोकळ्या करतो, तिथून मेंदूपर्यंतही पोहोचतो. त्याचाच भाऊबंद ऱ्होडोकोकस इक्वाय. हा मूळचा घोड्यांच्या शिंगरांचा रोग. माणसांत तो एचआयव्हीच्या साथीनंतर अधिक दिसू लागला. दोन्ही रोगांत एक्स-रे पाहिला तर हुबेहूब क्षय वाटावा!

भट्टीवरचा प्रत्येक खोकला या जंतूंचा आहे, असा आमचा दावा नाही. हे रोग दुर्मिळच आहेत. पण भट्टीची माती तुडवणे, राब भाजणे, गोठ्यातले शेण काढणे ही कामे कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या आणि आमच्या भूमिहीन बौद्ध बांधवांच्या वाट्याला आली. मातीतला जंतू आधी कोणाला गाठणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

खरी गोम तपासणीत आहे. सीबीनॅट यंत्र फक्त क्षयाचा जंतू ओळखते. नोकार्डियापुढे ते ‘निगेटिव्ह’ म्हणून मोकळे होते. क्षयासाठी थुंकीला रंग देतात, तेव्हा तीव्र आम्लाने धुताना नोकार्डियाचा रंग उडून जाऊ शकतो. आम्ल सौम्य केले तर तोच जंतू दिसतो. थुंकीतून तो वाढवायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात. प्रयोगशाळेला आधी सांगितले नाही तर नमुना दोन-तीन दिवसांतच फेकला जातो. मग अंदाजाने क्षयाची औषधे सुरू होतात. ऱ्होडोकोकसवर त्यातले रिफाम्पिसीन काही काळ चालू शकते. रोग्याला बरे वाटते, घरचे निश्चिंत होतात आणि रोग पुन्हा उसळतो.

आणि औषध? नोकार्डियावरचे मुख्य औषध कोट्रायमॉक्सॅझोल, म्हणजे सरकारी दवाखान्यातली जुनी, स्वस्त गोळी. सीडी-४ पेशी कमी असलेल्यांना हीच गोळी इतर रोगांपासून संरक्षण म्हणून कमी मात्रेत दिली जाते. नोकार्डियासाठी मात्रा मोठी लागते, मुदत सहा महिने ते वर्षभर असते आणि आजार गंभीर असेल तर जोडीला इतर औषधे लागतात. म्हणजे गरीब माणूस औषधाच्या किमतीने मरत नाही. त्याला नेमके काय झाले आहे हे कोणी शोधत नाही, म्हणून तो मरतो.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने एचआयव्हीवरची मोफत औषधे सुरू केली. पुढे एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात उपचाराबरोबर निदानाच्या सोयी आणि संधिसाधू संसर्गांवरील उपचार ही सरकारची जबाबदारी ठरली. पण ‘शक्य तितक्या’ प्रमाणात! बाबासाहेबांच्या संविधानाचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या आद्य कर्तव्यांपैकी एक मानते. हे कर्तव्य ‘शक्य तितक्या’त का बसवायचे? आणि काय शक्य आहे ते कोण ठरवणार? तानसा-भातसाचे पाणी रोज नळाने मुंबईला पोहोचवणे शक्य होते. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांना मात्र टँकरची वाट पाहावी लागते. मग याच तालुक्यातल्या माणसाची थुंकीची डबी मुंबईच्या प्रयोगशाळेत वेळेवर पोहोचवणे अशक्य कसे?

आमची मागणी मोठ्या इमारतीची नाही. एचआयव्हीबाधित रुग्णाची क्षयाची तपासणी निगेटिव्ह आली किंवा क्षयाच्या औषधाने गुण आला नाही, तर त्याची थुंकी नोकार्डियासाठी वेगळी तपासली जावी. नमुना सरकारी गाडीने जावा. रोग्याला कसारा लोकलने हेलपाटे घालावे लागू नयेत, मुरबाडकराला तर रेल्वेही नाही. एका खाड्याने त्याच्या घरची चूल थंडावते.

काही काम आपलेही आहे. डॉक्टरांना आपले काम सांगा : भट्टी, गोठा, शेत. एचआयव्हीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. आणि बुद्धविहारात या आजाराविषयी उघड बोला. मात्र कोणाचेही नाव न घेता. ज्या वस्तीत माणूस आजार लपवतो, तिथे दवाखाना जवळ असूनही दूरच राहतो. ‘दुर्मिळ’ म्हणून कोणत्याही आजाराची फाइल बंद करण्याआधी आम्ही एवढेच विचारणार : शोधले होते का?