खेळण्यावरचा शिक्का पाहिलात का?

मैत्रिणींनो, ही गोष्ट गेल्या नवरात्रातली. आमच्या धारूरच्या बचत गटाने ठरवलं, पापड-लोणची सगळेच विकतात, यंदा आपण खेळण्यांचा स्टॉल लावू. दोघीजणी मोठ्या शहरातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडे जाऊन नऊ हजारांचा माल घेऊन आल्या. रंगीत गाड्या, दिवे लागणारे फोन, बोलणाऱ्या बाहुल्या! माझ्या ओसरीवर खोकी उघडली तेव्हा आम्ही बाराही जणी लहान पोरींसारख्या हरखून गेलो.

तेवढ्यात शेजारच्या वहिनींच्या दीड वर्षाच्या नातवाने एक गाडी उचलली आणि थेट तोंडात घातली. काढून घेतली तर ओठाला लाल रंग लागलेला, अन् चाक निखळून त्याच्या मुठीत! ते घशात गेलं असतं तर? अंगावर काटाच आला.

मग खोकी उलटीपालटी करून पाहिली. कुठे चिनी अक्षरं, कुठे ‘सीई’ अशी खूण. माल परदेशातून कुणी आणला त्याचं नाव नाही, पत्ता नाही. आणि आयएसआयचा शिक्का तर एकावरही नाही.

आपण कुकर घेताना आयएसआय बघतो, सोनं घेताना हॉलमार्क बघतो. या दोन्ही खुणांमागे संस्था एकच, भारतीय मानक ब्यूरो. खेळण्यांवरचा शिक्काही तिचाच, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? खरं सांगते, मलाही नव्हतं.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर हा शिक्का सक्तीचा आहे. परदेशी मालालाही सूट नाही. तिथल्या कारखान्यालाही ब्यूरोचा परवाना घ्यावा लागतो. ‘सीई’ ही युरोपातल्या बाजाराची खूण, ती बहुधा कारखानदार स्वतःच लावतो. आपल्याकडे ती आयएसआयच्या जागी चालत नाही.

हा नियम उगीच आलेला नाही. २००७ मध्ये मॅटेल या अमेरिकन कंपनीला चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी परत मागवावी लागली. काहींच्या रंगात शिसं होतं, काहींतली छोटी लोहचुंबकं सुटून येत होती. शिसं पोटात गेलं की मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. दोन चुंबकं गिळली तर ती आतड्यात एकमेकांना ओढून धरतात आणि आतडं फाटू शकतं. जानेवारी २००९ मध्ये आपल्या सरकारने चिनी खेळण्यांची आयातच थांबवली होती, पण मार्चमध्ये प्रमाणपत्राच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये बाजारातली खेळणी तपासली, तेव्हा सुमारे ६७ टक्के खेळणी नापास झाली!

मग घेताना बघायचं काय? शिक्क्याच्या वर ‘आयएस’ आणि आकडा असतो. साध्या खेळण्याला ९८७३, बॅटरी-विजेवर चालणाऱ्याला १५६४४. शिक्क्याखाली ‘सीएम/एल’पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. खोटा शिक्काही छापता येतो, म्हणून हा क्रमांक मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून पाहा. परवाना कुणाचा, कशासाठी, चालू आहे की संपला, सगळं समजतं. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला माल आणि किंमतही छापलेली हवी. बटणासारखी बॅटरी असेल तर तिचं झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं हवं. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते.

हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना मात्र सूट आहे. त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी फळांवर शिक्का दिसला नाही तर लगेच बिचकू नका, कारागिराची नोंदणी आहे का ते विचारा.

आम्ही व्यापाऱ्याला फोन लावला. तो हसून म्हणाला, “अहो ताई, तुमच्या धारूरात कोण बघतंय?” माल परत घ्यायला साफ नकार. एकोणीस-पंधराच्या नंबरवर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करायची ठरवली, तर आमच्याकडे पक्की पावतीच नाही! शिवाय असा माल विकणाराही दोषी धरला जातो. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड होऊ शकतो.

गटात वाद झाला. “निम्म्या किमतीत तरी विकू, कर्जाचे पैसे आहेत,” असं एकीचं म्हणणं. तेव्हा दरवर्षी ऊसतोडीला जाणारी आमची एक मैत्रीण म्हणाली, “अशी स्वस्तातली खेळणी आमचीच पोरं घेत्यात. त्यांचा जीव बी जीवच हाय की!” त्यावर सगळ्या गप्प झाल्या.

माल मोडून टाकला. प्रत्येकीला साडेसातशे रुपये भुर्दंड बसला. ज्यांना एकदम जमलं नाही त्या हप्त्याने भरताहेत. स्टॉलवर शेवटी पापडच ठेवले.

तेव्हा मैत्रिणींनो, जत्रेत, बाजारात, वाढदिवसाला खेळणं घेताना आधी खोकं फिरवून शिक्का बघा आणि पावती मागा. दुकानदार म्हणेल, “इथे कोण बघतंय?” त्याला सांगा, “आम्ही बघतोय.”